इंद्राच्या सोसायटीची नोटीस



आजचं वाचन महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातलं आहे, तिसरा अध्याय. पर्व एवढंसं आहे, तीन अध्यायांत संपतं. कंपनीच्या बसमध्ये बसलं की हिंजवडी यायच्या आत वाचून होतं. गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पण एकदा सांगतो, कारण आज तिच्यातली एकच जागा मला हवी आहे.

राज्य परीक्षिताच्या हाती देऊन पाच पांडव आणि द्रौपदी निघतात. त्यांच्या मागून एक कुत्रा चालू लागतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. महाभारत मात्र त्याला मोजतं, सातवा म्हणून. मग वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. उरतात दोघं, युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि चढ म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, हाही माझ्याबरोबर येईल. इंद्राचं उत्तर असं की कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही.

लहानपणापासून दहा वेळा तरी ऐकलेली गोष्ट. या वेळी मात्र तिथेच पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. कारण इंद्राचं ते वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. एफोर कागदावर, मोठ्या टाइपात, लॅमिनेट करून.

सप्टेंबर २०२३. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी होतो. झालो कसा, ते ज्यांना सोसायटीचा अनुभव आहे त्यांना सांगायला नको: सभेत जो उशिरा पोचतो आणि ज्याला एक्सेल येतं, त्याच्या गळ्यात पद पडतं. त्या सभेत कुत्र्यांचा विषय निघाला. लिफ्टमध्ये केस पडतात. वास येतो. कुणाच्या तरी कुत्र्याने एकदा लिफ्टमध्येच घाण केली होती आणि कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मुलं घाबरतात. हात वर झाले, चाळीस विरुद्ध सहा. दुसऱ्या दिवशी मी नोटीस लिहिली: पाळिव कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे, जिन्याचा वापर करावा, उल्लंघन केल्यास पाचशे रुपये दंड. आदेशावरून. तीन ओळी. मला स्वच्छ वाटलं, एखादा छोटा फंक्शन लिहून झाल्यावर वाटतं तसं. इनपुट कुत्रा असेल तर नाही, नसेल तर हो.

सातव्या मजल्यावर एक काका राहतात. निवृत्त मराठीचे शिक्षक, वय तेव्हा बहात्तर. काकू गेल्यापासून घरात ते आणि बंड्या. बंड्या म्हणजे अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना उतारवयात बरेचदा होतो तसा त्याला मागच्या पायांचा, कमरेचा त्रास. काका सभेला आले नव्हते. नोटीस लागल्यावर त्यांनी भांडण केलं नाही की ग्रुपवर काही लिहिलं नाही. भेटल्यावर मला एवढंच म्हणाले, "अरे, नियम म्हणजे नियम. आम्ही उतरू की जिन्याने. मलाही व्यायाम."

एकशे सव्वीस पायऱ्या. मी नंतर मोजल्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, उतरायच्या आणि चढायच्या.

पुढचं सांगायला मला अवघड जातंय, पण ज्या जागी रोज तुम्हाला ग्रंथातलं सांगतो त्या जागी हे लपवणं बरोबर नाही. जुलै २०२४, पावसाळा. मी ऑफिसमधून आलो आणि लिफ्टने वर जात होतो. चौथ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबून निघून गेलं असावं, दार उघडलं. समोर जिन्याच्या वळणावर बंड्या बसलेला. पाय पसरून, भिजलेला, उठायला तयार नाही. काका त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उचलायचा प्रयत्न करत होते. लिफ्टमध्ये मी एकटा होतो. काकांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि मान जरा खाली घातली. जणू चूक त्यांची होती. "काका, या आत" एवढे तीन शब्द होते. मी बोललो नाही. नोटीस माझ्या डोक्याच्या बरोबर मागे चिकटवलेली होती आणि मला वाटलं, मीच नियम मोडला तर उद्या बाकीच्यांना काय सांगू. दार आपोआप बंद झालं.

आठवड्याभरात काकांनी बंड्याला मुळशीला पुतण्याच्या शेतावर पोचवलं. दर रविवारी बसने जायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला. काकांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो होता, खाली नुसती तारीख.

आता पर्वाकडे परत येतो.

इंद्र नियम सांगतो तेव्हा युधिष्ठिर काय करतो ते बघा. नियम चुकीचा आहे असा वाद तो घालत नाही. माझ्यासाठी एकदा सूट दे, मी धर्मराज आहे, असंही म्हणत नाही. तो म्हणतो, हा माझ्याशी एकनिष्ठ राहिला, याला मी टाकणार नाही. तसं असेल तर तुझा स्वर्ग राहू दे. शरण आलेल्याला भीतीत लोटणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुटणं, मित्रद्रोह, ही चार पापं एका बाजूला आणि आपल्यावर विसंबलेल्याला टाकणं दुसऱ्या बाजूला, दोन्ही त्याच्या लेखी सारखी. इंद्र मग वर्मावर बोट ठेवतो: भावांना टाकलंस, द्रौपदीला टाकलंस, मग कुत्र्याचंच काय एवढं? त्यावर युधिष्ठिराचं म्हणणं असं की ते मेले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी कुणालाच टाकलं नाही. इथे कुत्रा आपलं खरं रूप घेतो. तो साक्षात धर्म असतो.

प्रवचनांत या गोष्टीवर ‘प्राणिमात्रांवर दया करा’ असं सांगून पुढे जातात. मला यंदा दुसरंच दिसलं. युधिष्ठिराच्या दयेची किंमत कोण देतंय? तो स्वतः. दुसऱ्या कुणाचा स्वर्ग तो पणाला लावत नाही, स्वतःचा लावतो. आणि माझ्या त्या नोटिशीची किंमत कोणी दिली? सभेत हात वर केलेल्या चाळिसांपैकी कुणीही नाही. बंड्याच्या कमरेने दिली आणि काकांच्या गुडघ्यांनी.

हे मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. तसं सुचलं नाही. सुचायला दुसरा प्रसंग घडावा लागला, आणि तो नेमका उलट्या बाजूचा होता.

ऑगस्ट २०२५. आमच्या वॉचमनचा सहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी गेटजवळ खेळत होता. तिथे वॉचमनच्या केबिनला लागून, सी विंगची एक मुलगी रोज रस्त्यावरच्या कुत्र्यांना भात घालते. का तिथेच? कारण तिथे रात्री दिवा असतो आणि पावसात आडोसा असतो. त्या दिवशी भात पडला होता, दोन कुत्री खात होती, मुलाचा चेंडू तिथे गेला, तो उचलायला वाकला आणि एक कुत्रं पोटरीला चावलं. खोलवर. सुदैवाने कुणाला तरी माहीत होतं, म्हणून आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. पोर किंचाळत होतं. मग मी गाडीतून त्याला आणि त्याच्या वडिलांना दवाखान्यात नेलं. लस मिळाली, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचलं, पुढच्या तारखा लिहून मिळाल्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणूनच त्या तारखांपैकी एकही चुकवायची नसते. प्रत्येक तारखेला मी गेलो. हे पुण्य म्हणून सांगत नाही, आधीची थकबाकी होती.

परत येताना वॉचमन, माझ्याच वयाचे असतील, गाडीत म्हणाले, "साहेब, तुमच्या मीटिंगा होतात, कुत्र्यांना घालायचं का नाही घालायचं. आमची पोरं तिथंच ऱ्हातात रात्रंदिस. आमाला कुणी विचारत न्हाई."

खरं होतं. त्या सभेत मत ना वॉचमनला, ना कुत्र्याला. मत फ्लॅटच्या मालकाला.

तोच आठवडा आठवतो का? ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी, जंतनाशक आणि लस देऊन कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायची, फक्त रेबीज झालेली, त्याची शंका असलेली किंवा हिंसक असलेली सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. आमच्या ग्रुपवर तेव्हा दोन तट पडले. एका बाजूला ‘ही कुत्री संपवा’, दुसऱ्या बाजूला ‘माणूसच खरा राक्षस’. सोसायटीतली एरवी देवाधर्माची माणसं दोन्हीकडे होती. एकाने गीतेच्या पाचव्या अध्यायातला तो प्रसिद्ध विचार टाकला, ज्ञानी माणसाला विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा सारखेच दिसतात, हा. त्याखाली दुसऱ्याने विचारलं, मग त्यात वॉचमनचा मुलगा बसतो का? ग्रुप तासभर गप्प होता. (आमच्या ग्रुपच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं.)

कमिटीने मला पुन्हा नोटीस लिहायला सांगितली: आवारात कुत्र्यांना खायला घालणाऱ्यास दंड. या वेळी मी लिहिण्याआधी वाचलं. प्रामाणिकपणे सांगतो, २०२३ मध्येही वाचता आलं असतं, एका संध्याकाळचं काम होतं. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहिणाऱ्या ज्युनियरला मी उभा करतो. तिथे मात्र मीच तो ज्युनियर.

वाचल्यावर पहिला धक्का हा की माझी पहिली नोटीसच टिकणारी नव्हती. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमत असलं तरी नाही. कुत्रा भुंकतो हे त्याला बाहेर काढायचं कारण होऊ शकत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी जादा पैसे मागता येत नाहीत. त्याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यांनाही सांगितलं आहे: बाहेर नेताना पट्टा लावा, लसी वेळेवर द्या, घाण स्वतः उचला, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका. पुढे २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. म्हणजे आमचे चाळीस हात एका अशा गोष्टीसाठी वर गेले होते, जी त्यांच्या हातात मुळात नव्हतीच.

दुसरी गोष्ट सापडली ती प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात. हा कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेची यादी आहे आणि ती वाचताना मला सारखं वाटत होतं की हे लिहिणाऱ्याने कुत्रा पाळला असणार. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तीसुद्धा क्रूरता, असं त्यात चक्क लिहिलं आहे! आपल्याकडे किती बाल्कन्यांत दिवसभर हस्की बांधलेला असतो, पुण्याच्या एप्रिलमध्ये. आणि त्याच कलमात, सबळ कारणाशिवाय प्राण्याला भुकेतहानेवर टाकून देणं, हाही गुन्हा. शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड.

पन्नास रुपये. युधिष्ठिराने ज्या पापाला मित्रद्रोहाच्या शेजारी बसवलं, त्याची आपल्याकडची किंमत दोन वडापाव. लॉकडाऊननंतर रस्त्यांवर गळ्यात पट्टा असलेली जी जातिवंत कुत्री दिसू लागली होती, ती मला तेव्हा आठवली. कुणीतरी गाडीतून आणून सोडलेली. त्यांच्या घरी कुणी नोटीस लावली नव्हती. कंटाळा आला होता, बस.

उलट बाजूचीही कलमं आहेतच. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेकडून कुत्र्याचा परवाना काढायचा असतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. आमच्या सोसायटीत अकरा पाळीव कुत्री. परवाना किती जणांकडे असेल? विचारलं. दोघांकडे. त्यांतले एक काका होते. बंड्याचा परवाना अजून फाइलमध्ये होता, दरवर्षीच्या नूतनीकरणासह.

आणि तिसरी गोष्ट, ज्यासाठी मुळात वाचायला बसलो होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. म्हणजे माझ्या पहिल्या नोटिशीच्या सहा महिने आधी. त्यात खायला घालण्यावर बंदी नाही. उलट जागा नेमून देणं हे रहिवासी संघटनेचं काम आहे. जागा कशी हवी तेही सांगितलं आहे: मुलांच्या खेळण्यापासून, प्रवेशद्वारांपासून, जिन्यांपासून दूर, वेळ अशी की मुलं-म्हातारी माणसं फिरत नसतील, आणि घालणाऱ्याने घाण होऊ द्यायची नाही. आमची जागा या नियमाच्या बरोबर विरुद्ध होती. प्रवेशद्वारी, दिव्याखाली, मुलाच्या चेंडूशेजारी.

मी त्या मुलीला भेटलो. मनात होतं की ती भांडेल. तिचा चेहराच उतरला होता, मुलाला चावल्यापासून ती नीट झोपली नव्हती. स्वतःच्या पगारातून तिने चार कुत्र्यांची नसबंदी करून घेतलेली, कानाला खूण असलेली ती चार. चावलेलं कुत्रं पाचवं होतं, नवं आलेलं. मी तिला म्हटलं, तू भात स्वतःचा घालतेस, पण जागा वॉचमनच्या पोरांची वापरतेस. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मागे टाकीपाशी अंधार असतो, मला एकटीला भीती वाटते जायला." हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. तिची भीतीही या हिशोबात धरायला हवी होती.

इथे मला आपल्या संतांच्या दोन गोष्टी आठवतात, दोन्ही तुम्ही बालवाडीपासून ऐकलेल्या. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नाथ महाराजांनी काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आपण बघतो कुत्र्याकडे आणि गाढवाकडे. मी म्हणतो, वाटीकडे आणि कावडीकडे बघा. तूप नामदेवांच्या घरचं. कावड नाथांनी स्वतःच्या खांद्यावर एवढ्या लांबून आणलेली. शेजाऱ्याची कावड उचलून गाढवाला पाजली असती, तर ती गोष्ट आज कुणी सांगितली असती का?

शहरातले प्राण्यांचे नियम मला आता या एका प्रश्नाने वाचता येतात: यात किंमत कुणाच्या खिशातून जातेय? केबिनपाशी भात घालताना ती लहान मुलाच्या पोटरीतून जाते. लिफ्टबंदीत म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांतून. ‘सगळी उचलून न्या’ म्हणताना अशा जिवाकडून, ज्याला आपला आदेश वाचता येत नाही. तर ठरवून दिलेली जागा, गळ्यातला पट्टा, हातातली पिशवी, लसीचा दाखला, या कंटाळवाण्या गोष्टींमध्ये ती आपल्याकडून जाते. थोडी थोडी, रोज. यक्षप्रश्नात युधिष्ठिर ज्याला श्रेष्ठ धर्म म्हणतो ते ‘आनृशंस्य’, म्हणजे क्रूर न होणं. शब्दाचा उच्चार अवघड, पण मागणं किती साधं आहे! प्रेम करा असं तो म्हणत नाहीच. आमच्या चाळीस जणांपैकी निम्म्यांना कुत्री आवडत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आवड हा वेगळाच घोटाळा आहे, खरं तर. माझ्या आजीकडे मिठू होता, हिरवा, लाल चोचीचा, पिंजऱ्यात. आजीचा त्याच्यावर जीव. ती त्याला रोज ‘विठ्ठल’ म्हणायला शिकवायची. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा १९७२ चा, हे कळलं तेव्हा आजी नव्हती. मिठूने मात्र आयुष्यभर विठ्ठल-विठ्ठल केलं, सुटकेसाठी करत होता की काय कोण जाणे.

हे सगळं घेऊन मी सातव्या मजल्यावर गेलो. काकांची माफी मागायची होती आणि नव्या नोटिशीचा मसुदा दाखवायचा होता. जमेल त्या शब्दांत माफी मागितली. चौथ्या मजल्याचंही बोललो. ते म्हणाले, "मला दिसला होतास तू." मग चहा टाकायला उठले.

चहा घेताना त्यांनी भागवतातल्या भरताचा विषय काढला. राज्य सोडून वनात गेलेला राजा, नदीत वाहून चाललेलं हरणाचं पाडस वाचवतो, वाढवतो, त्याच्यात इतका गुंततो की मरताना त्याचाच विचार आणि पुढचा जन्म हरणाचा. काका म्हणाले, "काकू गेल्यावर माझं तसंच झालं होतं. बंड्याला शेतावर पाठवताना मी स्वतःला सांगितलं की बरं झालं, मोह सुटला. खोटं होतं ते. भरताने पाडसाला पाण्यातून काढलं ते बरोबरच होतं रे. तिथवर त्याची काही चूक नाही. लोक ते विसरतात."

मी म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"हो," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी ती खोडून काढली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

जाता जाता एक सांगतो, मला हे याच वाचनात नव्याने कळलं. महाभारत कुत्र्याने संपत येतं, तसं ते सुरूही जवळपास कुत्र्यानेच होतं. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा मुलगा, एक कुत्रं, भटकत येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही केलं असशील. ते सांगतं, मी हवीकडे पाहिलं नाही, चाटलं नाही. मग सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन विचारते, याचा अपराध काय? कुणीही उत्तर देत नाही. ती शाप देते: निरपराधाला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. एवढ्या मोठ्या यज्ञात, एवढ्या विद्वानांत, त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नोव्हेंबरच्या सभेत नवा नियम मांडायला उभा राहिलो, तेव्हा वॉचमनना मी आत बोलावून बसवलं होतं. दोघांनी आक्षेप घेतला की ते सभासद नाहीत. मी म्हटलं, मत देणार नाहीत, फक्त बोलतील. ते दोनच मिनिटं बोलले. म्हणाले, टाकीमागे दिवा लावा, मग ताईला भीती न्हाई आन् आमच्या पोरांना बी न्हाई. दिव्याचा खर्च सोसायटीने केला. तेवढ्या रकमेवरून पाऊण तास वाद झाला, तो भाग गाळतो.

नवी नोटीस आता लिफ्टमध्ये आहे. पट्टा हवा, घाण मालकाने उचलायची, परवाना आणि लसीच्या दाखल्याची प्रत ऑफिसात द्यायची, गर्दी असेल तर पुढच्या लिफ्टने जायचं, मग ते कुत्रेवाले असोत की कुत्र्याला घाबरणारे. दंडाचा आकडा काढून टाकला. लावायच्या आधी काकांना दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘पाळिव’मधली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. "मागच्या खेपेलाही हीच चूक होती," म्हणाले.

मग आत गेले आणि बंड्याचा पट्टा घेऊन आले. चामड्याचा, मऊ पडलेला. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेव म्हणाले, लागेल कधी.

परवा रेबीजच्या लसीकरणाची गाडी आली. पाचवं कुत्रं, चावलेलं ते, दवाखान्यात दहा दिवस देखरेखीखाली राहून, तपासून, नसबंदी होऊन परत आलं होतं, पण या वर्षीची लस द्यायची राहिली होती. कुणाच्या हाती लागेना. शेवटी वॉचमनच्या मुलाने, ज्याच्या पोटरीवर अजून दाताच्या खुणा आहेत, लांब उभं राहून त्याला बिस्किट दाखवलं आणि त्या मुलीने मागून हळूच पट्टा घातला.

राम कृष्ण हरी.